मिटल्या डोळ्यांचे गुण

"पण चार मिनिटं ते मारणं इतकं उघड दाखवायची गरज काय होती?" प्रेमलता म्हणाली, आणि समोर बसलेला ऋषिकेश चहाचा कप हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता हा वाद घालणार. तीन दिवस तो घालत होताच. विदर्भातून आलेले एक्केचाळीस लघुपट, तीन परीक्षक, सदर भागातल्या एका संस्थेचा दुसरा मजला, आणि दर तासाला येणारा अतिगोड चहा. चौतीस वर्षांचा, कॉलेजात कॅमेरा शिकवणारा ऋषिकेश प्रत्येक चित्रपटावर हिरिरीनं बोलायचा. पण या वेळी तो हिरिरीनं बोलला नाही. उलट थोडा संकोचला, जणू समोरच्या वयस्कर बाईच्या साडीला मागून काहीतरी लागलंय आणि ते सांगावं की नाही, असा. "मॅडम," तो म्हणाला, "मारताना तर दाखवलंच नाही ना. एक फटकासुद्धा दिसत नाही. कॅमेरा पूर्ण वेळ शेजारच्या घरात आहे."

तिसरे परीक्षक अनंतराव मुंडले, निवृत्त मुख्याध्यापक, कागद चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मले नका विचारू," ते म्हणाले, "मी तेव्हा फोन घ्यायले बाहेर गेलो होतो. ताई म्हणाल्या फार भडक आहे, म्हणून मी चार दिले."

"मी आवाजाबद्दल म्हणतेय," प्रेमलता म्हणाली. वाक्य अगदी सहज आलं. "न दाखवतासुद्धा आवाज उघडा असू शकतो." चांगलं वाक्य होतं. सव्वीस वर्षं दर शनिवारी वर्तमानपत्रात चित्रपटांवर लिहिणाऱ्या बाईला असं वाक्य कधीही सापडतं. ऋषिकेशनं मान डोलावली, आणि ते मान डोलावणंच तिला लागलं; त्यानं तिला सोडून दिलं होतं. तिनं समोरचा कागद पाहिला. चित्रपटाचं नाव 'धोटा', दिग्दर्शक भैरवी निनावे, वय सव्वीस, उमरेड, बावीस मिनिटं. पुढे तिच्याच नीटस अक्षरात: हिंसेचं भडक आणि अनावश्यक चित्रण. अभिरुचीचा अभाव. तीन गुण. ऋषिकेशचे नऊ, तिचे तीन, अनंतरावांचे चार. म्हणजे अनंतरावांचे चारही तिचेच. पहिला येणारा चित्रपट उद्या समारोपाला भरल्या सभागृहात दाखवणार होते. बाकीचे चाळीस पेटीत जाणार होते.

ती गॅलरीत आली. डिसेंबरचं ऊन पाठीवर बरं वाटत होतं. खाली गाड्यांचे हॉर्न, मोबाइलच्या दुकानाबाहेर उभी पोरं, संत्र्यांची हातगाडी. तिनं आठवायचा प्रयत्न केला. चित्रपट सुरू होतो तेव्हा अंधारात नुसती खटखट ऐकू येते. मग उजेड हळूहळू वाढतो आणि हातमाग दिसतो, आणि इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा. मागावर एक बाई. मग नवरा येतो. तो चपला काढतो, बायकोकडे न बघता आतून कडी लावतो. ती कडी प्रेमलताला स्पष्ट आठवत होती, तिचा गंजसुद्धा. आणि त्यानंतर मागावरच्या पांढऱ्या ताण्यावर उडालेले रक्ताचे थेंब, एकेका धाग्यावर वेगळे. हे तर ती शपथेवर सांगू शकली असती. तिनं ते थेंब पाहिले होते. कुठे पाहिले होते? ऋषिकेश खोटं बोलणारा नव्हता. म्हणजे कडी लागली आणि तिनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांआड तिनं स्वतःच ते थेंब उडवले. मग त्या थेंबांबद्दल उमरेडच्या एका मुलीला तीन गुण दिले. कठड्याचं लोखंड उन्हानं कोमट झालं होतं, ते तिनं घट्ट धरलं.

डोळे मिटायची सवय तिची नव्हतीच मुळात. ती बाबांची होती. वामनराव पांढरीपांडे, सरकारी हिशेबतपासणीच्या कचेरीत कारकून, चित्रपटांचं वेड असलेला माणूस. गावात तेव्हा एक फिल्म क्लब होता, रविवारी सकाळी परदेशी चित्रपट आणायचा, आणि महाल भागातल्या घरातून बाबा तिला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. दहा वर्षांच्या मुलीला अशा चित्रपटांना कोणी नेत नसे. आई म्हणायची, तिला काय कळतं? बाबा म्हणायचे, बघितल्याशिवाय कळेल कसं? आणि तरीही, पडद्यावर कुणी सुरा काढला, कुणी कुणाचा गळा धरला, की बाबांचा तळहात येऊन तिच्या डोळ्यांवर बसायचा. मोठा, ऊबदार, शाईचा आणि चंदनी साबणाचा वास असलेला. "मी सांगेन तेव्हा उघड." ती बोटांच्या फटीतून येणारा तांबूस उजेड बघत राहायची आणि ऐकत राहायची. किंकाळी, पावलं, काहीतरी जड पडल्याचा आवाज. जे दिसायचं नाही ते ती भरून काढायची, आणि तिचं भरून काढलेलं नेहमीच पडद्यावरच्यापेक्षा भयंकर असायचं, हे तिला खूप पुढे कळलं. येताना बाबा सायकल हातात धरून चालत यायचे, कारण सायकलवर नीट बोलता येत नाही. त्या बाईच्या तोंडावर उजेड एकाच बाजूनं का होता, सांग. तो म्हातारा गेला तेव्हा संगीत का थांबवलं? प्रेमलताला चित्रपटातलं जे काही येतं ते त्या चालण्यातून आलेलं होतं. तिचा सगळा अभिमान त्या चालण्याचा होता. "अभिरुची म्हणजे काय गं?" बाबा विचारायचे आणि स्वतःच सांगायचे, "आपल्या डोळ्यांत काय जाऊ द्यायचं, याची निवड."

गल्लीच्या पलीकडे गोपिकाकाकू राहायच्या. तीन हातांवर त्यांची खिडकी. त्यांचा नवरा लाकडाच्या वखारीत कामाला होता. संध्याकाळी तो घरी आला, की थोड्या वेळानं तिकडून आवाज यायला लागायचे. आधी भांड्यांचे, मग दुसरे. तेव्हा बाबा वाचत असलेलं पुस्तक खाली ठेवायचे, उठायचे, आपली खिडकी हलक्या हातानं लोटायचे आणि रेडिओचं बटण फिरवायचे. संध्याकाळची शास्त्रीय गाण्याची वेळ. आई वरण ढवळत राहायची. आजही कुठे यमन सुरू झाला, की प्रेमलताचे डोळे आपोआप मिटतात. लोक समजतात बाई गाण्यात बुडाल्या. एकदा दिवाळीच्या आधी गोपिकाकाकू दारात आल्या. ओठ सुजून एका बाजूला ओढलेला, हातात आईकडून नेलेली चाळणी, मागे गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षात एक पत्र्याची पेटी. माहेरी चालल्या होत्या, कायमच्या, हे नंतर कळलं. त्यांनी चाळणी आईच्या हातात दिली आणि आत बसलेल्या बाबांकडे पाहून म्हणाल्या, "तुमचा रेडिओ लय साजरा वाजते, भाऊजी." बस, इतकंच. प्रेमलता तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला वाटलं, काकूंनी तारीफ केली. ती आनंदानं म्हणालीसुद्धा, "बाबा, काकूंना आपला रेडिओ आवडतो." बाबा उठून मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. नंतर कित्येक महिने संध्याकाळी घरात रेडिओ लागला नाही. त्याबद्दल ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि तिनंही कधी विचारलं नाही. बाबा वाईट नव्हते. ते भित्रे होते का? तिनं हा शब्द त्यांच्यासाठी आज पहिल्यांदा मनात आणला, आणि तो तिथे बसला, सहज, जणू जागा आधीच मोकळी होती.

बाबा गेल्यावर तळहात तिचाच झाला. बीभत्स. भडक. सुजाण प्रेक्षकाला धक्का देणारं. हे शब्द तिनं किती वेळा लिहिले असतील? लोक तिच्यावर विश्वास ठेवायचे. बाजारात बायका थांबवून म्हणायच्या, तुम्ही लिहिता म्हणून आम्ही बघतो, तुम्ही नाही म्हटलं की नाही बघत. त्यातल्या किती चित्रपटांचे किती तुकडे तिनं पाहिलेच नव्हते? सगळेच वाईट नसतील; काही खरोखरच टाकाऊ होते, रक्त विकणारे. पण कोणते कोणते, हे आता तिला सांगता आलं नसतं. ते आठवायला लागली तर आठवणीत नुसता तांबूस उजेड यायचा. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी, नवल म्हणजे, हलकंही वाटलं.

ती आत गेली. अनंतराव पेन उघडून बसले होते. फुटाळा तलावाच्या काठावर पतंग करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या गोड चित्रपटाला साडेबावीस गुण होते, तो पहिला ठरला होता. फक्त सह्या राहिल्या होत्या.

"मला 'धोटा' पुन्हा बघायचाय," ती म्हणाली.

"आता काहून त्रास करून घेता, ताई?" अनंतराव म्हणाले. "निकाल तर होऊन गेला. आपली आवड आपल्याले माहीत आहे."

"मी डोळे मिटले होते, अनंतराव."

अनंतरावांनी पेन खाली ठेवलं.

"कडी लावल्यावर मिटले. मागाची खटखट परत सुरू झाल्यावर उघडले. मग त्याच मारण्यावर शेरा लिहिला."

खोलीत पंखा बंद होता, तरी कुणाचा तरी कागद हलला. प्रेमलताला वाटलं होतं ऋषिकेशच्या तोंडावर काहीतरी उमटेल, तरुण माणसाचा जिंकल्याचा भाव. पण तो उठला, लॅपटॉप तिच्यासमोर आणून ठेवला, खिडकीचा पडदा ओढला, हेडफोन रुमालानं पुसून दिला. "एकट्या बघता, की मी बसू?" त्यानं विचारलं.

"बसा. मिटले तर सांगा."

तो बसला, पण पडद्याकडे नाही, तिच्याकडेही नाही. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे तोंड करून बसला. पोरगं चांगलं आहे, तिला वाटलं.

कडी लागली. तिनं टेबलाची कड धरली. आणि चित्र बदललं ते थेट शेजारच्या घरात गेलं. एक खोली, पिवळा बल्ब, बाप, चुलीपाशी आई, आणि नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. जेवण चाललंय. भिंतीपलीकडून पहिला आवाज येतो तेव्हा बाप घास तोंडाशी नेत असतो, तो नेतो, चावतो, गिळतो. कॅमेरा जमिनीवर ठेवल्यासारखा खाली, ताटांच्या उंचीवर, हलत नाही. दुसरा आवाज. मुलगी वर बघते. बाप म्हणतो, "सतराचा पाढा म्हण." मुलगी म्हणते, आत्ता? "म्हण. जोरात म्हण." आणि मुलगी सुरू करते. हा पाढा प्रेमलतानं मिटल्या डोळ्यांनी ऐकला होता, तो मार चाललेल्या घरातल्याच पोरीचा समजून. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. प्रत्येक ओळीमागे भिंत वाजते. सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक... आणि मुलगी अडते. तिला आठवत नाही. त्या न आठवण्याच्या फटीतून पलीकडचा आवाज पहिल्यांदा पूर्ण आत येतो, कशानंही न झाकलेला. बाप मुलीकडे बघतो. त्याच्या डोळ्यांत राग नाही, विनवणी आहे. पोरी, म्हण गं. प्रेमलताला ओरडून सांगावंसं वाटलं, एकशे दोन. तिच्या ओठांवर आलं होतं. सव्वीस वर्षांत कुठल्या चित्रपटानं तिला असं गुन्ह्यात सामील करून घेतलं नव्हतं. आणि त्या भीतीच्या अगदी मध्यावर, लाज वाटावी असा, एक शुद्ध आनंद तिच्या मनात उसळला. केवढं धाडस! कॅमेरा कुठे ठेवावा हे या पोरीला कुणी सांगितलं? बापाला राक्षस न करण्याचं शहाणपण सव्विसाव्या वर्षी कुठून आलं?

चार मिनिटं संपली. आवाज थांबले. प्रेमलतानं श्वास सोडला, आणि तेवढ्यात चित्र परत पहिल्या घरात आलं. मागापाशी बसलेली ती बाई, तिचा चेहरा, इतका जवळ की दुसरं काही नाही. फुटलेला ओठ. तिनं तोंडातून हातावर काहीतरी काढलं. दात. लाल, मुळासकट. तिनं तो तळहातावर उलटासुलटा करून पाहिला, अगदी कुतूहलानं, आणि चित्र हललं नाही. प्रेमलताच्या पापण्या जड झाल्या, आपोआप खाली येऊ लागल्या. तिनं त्या वर ठेवल्या. ते सुंदर नव्हतं. तिला ते बघायचं नव्हतं. पण का आहे हे तिला कळत होतं: चार मिनिटं काहीच न दिसण्यात एक सोय होती, शेजाऱ्यांना होती तशीच बघणाऱ्यांना, आणि ही मुलगी ती सोय शेवटी काढून घेत होती. अकरा सेकंद. त्याहून एक जास्त असता तर ते चवीनं दाखवल्यासारखं झालं असतं. मग बाईनं दात पदराला बांधला आणि खटखट सुरू झाली.

"कसा वाटला?" ऋषिकेशनं कॅलेंडरकडे बघतच विचारलं.

"आवडला नाही," प्रेमलता म्हणाली. "मी हा तिसऱ्यांदा बघणार नाही. पण इतक्या वर्षांत फार थोड्या लोकांना असं जमलेलं पाहिलंय."

तिनं शेरा खोडला, तिनाचा आकडा खोडला, नऊ लिहिले, बाजूला सही केली. अर्धा गुण कापायचा मोह झाला होता, स्वतःला झालेल्या त्रासाचा. पण त्रासाचा रकाना कागदावर नव्हता. अनंतरावांनी मग स्वतः लॅपटॉप ओढून घेतला. बघून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसला. "मी चाराचे पाच करतो," ते म्हणाले. "मले नाही सोसलं ते, ताई. दाताचं. मी खोटं काहून लिहू?" आणि प्रेमलताला त्यांचे ते पाच फार प्रामाणिक वाटले. तेवीस झाले. 'धोटा' अर्ध्या गुणानं पहिला आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला समारोप होता. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते. भैरवी निनावे ठेंगणी, सावळी, निळा स्वेटर घातलेली मुलगी निघाली. बक्षीस घेताना तिला हसू आवरत नव्हतं. चित्रपटाआधी प्रेमलतानं दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं. तिनं कागदावर बरंच लिहून आणलं होतं, ते वाचलं नाही. "मी हा चित्रपट पहिल्यांदा डोळे मिटून पाहिला आणि तीन गुण दिले," ती म्हणाली. लोक हसले, त्यांना विनोद वाटला. "मग उघडून पाहिला. तुम्हीही तसाच पाहा. न आवडला तर न आवडू द्या, पण पाहा." ती खाली उतरली तेव्हा भैरवी तिच्या पाया पडायला वाकली, आणि प्रेमलतानं तिला वरच्या वर धरलं. वाकून घेण्याइतकं तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं.

दिवे गेले. अंधारात खटखट सुरू झाली, आणि पहिल्याच रांगेतली एक बाई उठून, वाकून, भिंतीच्या कडेनं बाहेर गेली. प्रेमलताही उठली. हा चित्रपट तिसऱ्यांदा न बघण्याचं ती बोललीच होती. बाहेर बाकावर ती बाई बसली होती. पंचावन्नच्या आसपासची, नवी कोरी साडी, त्यावर पुरुषी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी.

"तुम्ही नाही बघत?"

"नाही जी. मले नाही पाहवत." मग ओळख सांगावी म्हणून, "भैरवीची आई मी. उमरेडहून आलो सकाळच्या यष्टीनं."

प्रेमलता शेजारी बसली. विचारू नये ते विचारण्याचा धीर गोळा करायला तिला थोडा वेळ लागला. "ती... तुमची गोष्ट आहे का? मागावरची बाई?"

"नाही, नाही." बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "ते शेजारची होती, शेवंता. आता नाही राहिली. आम्ही जेवून राहिलो होतो." त्यांनी सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. "पोरगी लहान होती. मले वाटलं, इसरून जाईन. पोरं इसरत नाहीत जी." बंद आणखी एक वेढा गुंडाळला गेला. "तुम्ही पाह्यली ना पुरी? भैरवीनं मले कसं दाखवलं? वाईट दाखवलं का?"

आयुष्यभर लोकांनी प्रेमलताला विचारलं होतं, चित्रपट कसा आहे? असं कुणीच विचारलं नव्हतं. चांगलं दाखवलंय म्हणून सांगितलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं जे पाहिलं होतं ते सांगायचं ठरवलं, जसं होतं तसं.

"तुम्ही चुलीपाशी असता," ती म्हणाली. "भाकर थापत. पाढा सुरू होतो तेव्हा तुमचे हात थांबतात. मुलगी अडते, तेव्हा तुम्ही उठता. पिठाचे हात तसेच. दारापर्यंत जाता आणि कडीवर हात ठेवता."

"मग?"

"मग मुलीचे वडील म्हणतात, बस. तुम्ही थोडा वेळ तशाच उभ्या राहता. आणि परत येऊन बसता. कडीला पीठ लागलेलं असतं, ते दिसत राहतं."

जिन्यावरून कुणीतरी हसत खाली गेलं.

"दारापर्यंत जातो मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"जाता."

"मी नव्हती गेली, मॅडम." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "मी उठलीच नाही. मी भाकरी थापत राहिली. तिले माहीत आहे ना. ते तर समोरच बसली होती."

प्रेमलतानं आपला हात बाईंच्या हातावर ठेवला. त्यांचा हात खरखरीत आणि गार होता. बाई रडत नव्हत्या. त्या कुठलीतरी अंतरं मोजत असाव्यात, चुलीपासून दारापर्यंतची. आत माग थांबला. चपला काढल्याचा आवाज आला, मग शांतता.

"तो भाग झाला का?" बाईंनी विचारलं.

प्रेमलतानं कान दिला. "नाही. आता येईल."

बाईंनी पिशवी बाकावर ठेवली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि त्या सभागृहाच्या दाराकडे जायला उठल्या.